जेन्नरची गाय आणि बांधावरचे उंदीर

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आमची मुले क्रिकेट खेळतात. ह्या मैदानाचे नाव असे का पडले, म्हणून मी एकदा प्राणिशास्त्राच्या तासाला विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. माझ्या हातावर देवी काढल्याचे दोन वाटोळे वण आहेत, ते मी बाही वर सारून दाखवले. मुलांच्या दंडावर असतो तो बीसीजीचा वण, तो निराळा. मग त्या दिवशीचा धडा बाजूलाच राहिला आणि सगळा तास एडवर्ड जेन्नरवर गेला.

जेन्नरचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बर्कली गावी झाला. वडील तिथले धर्मोपदेशक. ते वारले तेव्हा एडवर्ड पाच वर्षांचा होता. आठव्या वर्षी त्याला त्या काळच्या रीतीप्रमाणे खऱ्या देवीचा पू टोचण्यात आला. आधी रक्त काढले, उपाशी ठेवले आणि मग इतर मुलांबरोबर तबेल्यात कोंडले. पोर जगले, पण त्या दिवसांची धास्ती त्याला जन्मभर पुरली. हे वय लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

लहानपणी त्याने एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारी केली आणि १७७० साली तो लंडनला जॉन हंटर ह्यांच्या हाताखाली गेला. तर्क करीत बसण्यापेक्षा करून पाहावे, ही हंटरची शिस्त. शिक्षण संपल्यावर लंडनमध्ये राहण्याऐवजी जेन्नर बर्कलीला परतला आणि खेडेगावचा डॉक्टर झाला. मला हा माणूस आवडतो तो इथे. रोगी तपासून परतताना तो कुंपणातली घरटी पाहत बसे. ककू पक्ष्याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू घरट्यातली परकी अंडी आणि पिल्ले पाठीवर घेऊन बाहेर ढकलते, हे त्याने १७८८ साली प्रसिद्ध केले. पुष्कळांना ते खरे वाटेना. रॉयल सोसायटीने मात्र पुढच्याच वर्षी त्याला सदस्य करून घेतले, ते देवीसाठी नव्हे, ह्या पक्ष्यासाठी!

गाईच्या सडावरचे फोड हाताला लागलेल्या गवळणींना देवी येत नाहीत, ही गोष्ट त्या भागात शेतकऱ्यांना ठाऊक होती. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ साली आपल्या बायकोमुलांना ते फोड टोचलेही होते. जेन्नरने ते पडताळून पाहिले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने जेम्स फिप्सला टोचला. जेम्स आपल्या माळ्याचा मुलगा, वय आठ. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत. आल्या असत्या तर? हा प्रश्न मुलांनी विचारला आणि मी गप्प राहिलो. गरिबाच्या पोरावर केलेला तो प्रयोग आज कुठलीही समिती मान्य करणार नाही. तबेला आठवणाऱ्या माणसाला तो करवला कसा, हे मला अजून नीट उलगडत नाही.

एका मुलावरून सिद्धान्त मांडता येत नाही, म्हणून रॉयल सोसायटीकडून निबंध परत आला. आणखी मुलांना टोचायचे तर गाईचे फोड हवेत, आणि ते तर गोठ्यांतून नाहीसे झालेले! जेन्नरला थेट १७९८ च्या वसंतापर्यंत थांबावे लागले. त्याच साली त्याने स्वखर्चाने पुस्तक काढले. हा रोग मुळात घोड्याच्या पायाला होतो आणि खरारा करणाऱ्यांच्या हातांनी गाईपर्यंत पोचतो, असे त्यात त्याने लिहिले.

मधल्या काळात तो रोग होता कुठे? ह्याचे उत्तर मिळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ब्रिटनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात रानातले उंदीर आणि व्होल नावाचे आखूड शेपटीचे त्यांचे भाऊबंद पकडून रक्त तपासले, तेव्हा ह्या विषाणूचे खरे घर तिथे सापडले. गाय ही वाट चुकून भेटलेली पाहुणी. उंदीर मारणाऱ्या मांजरांना तो गाईपेक्षा अधिक वेळा होतो. जन्मभर ज्या कुंपणात जेन्नर घरटी शोधत होता, त्याच कुंपणाच्या मुळाशी त्याचे उत्तर पळत होते. घोड्याची गोष्टही अगदीच खोटी नव्हती, कारण जुन्या लशींतला विषाणू घोड्यांच्या देवीच्या विषाणूशी जवळचे नाते सांगतो.

पुढचे थोडक्यात. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत लस टोचली, ती भारतातली पहिली. पार्लमेंटने जेन्नरला आधी दहा हजार आणि मग वीस हजार पौंड दिले. बागेतल्या झोपडीत तो गरिबांना फुकट टोचत राहिला, फिप्सला त्याने राहायला घर दिले. थोरला मुलगा १८१० मध्ये आणि पत्नी १८१५ मध्ये क्षयाने गेली. त्या रोगापुढे त्याचे काही चालले नाही. २६ जानेवारी १८२३ रोजी तो वारला. अंत्ययात्रेला जेम्स फिप्स होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचे जाहीर केले. ते जमले, कारण देवीला माणसाखेरीज दुसरा आसरा नव्हता. तिच्या भाऊबंदांचे तसे नाही. २००३ साली घानाहून अमेरिकेत पाळण्यासाठी नेलेल्या उंदरांच्या जातीच्या प्राण्यांबरोबर एमपॉक्सचा विषाणू गेला आणि तिथल्या प्रेअरी डॉगांमार्फत माणसांना लागला.

तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरी म्हशी आहेत. म्हशींच्या सडांवर आणि धार काढणाऱ्या वडिलांच्या बोटांवर एका वर्षी सारखेच फोड उठले होते, ते हेच का, असे तो विचारीत होता. मी त्याला सांगितले, की न तपासता नक्की म्हणता येणार नाही, पण म्हशींच्या देवीचा विषाणू आपल्या जुन्या लशीतल्या विषाणूचा सख्खा नातलग आहे, आणि महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ ह्या काळात ती साथ नोंदलेली आहे. घंटा झाली तरी तो उभाच होता. गोठ्यात उंदीर पुष्कळ आहेत, सर, एवढे म्हणून तो गेला.