गस ग्रिसमचं लिंबू आणि सीटखालची वायर

आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, नजर लागू नये म्हणून. अमेरिकेत मात्र गाडीला 'लिंबू' म्हटलं की ती सारखी बिघडणारी. जानेवारी १९६७ मध्ये अंतराळवीर गस ग्रिसमने अपोलोच्या सिम्युलेटरला घरच्या झाडाचं लिंबू टांगलं.

माणूस उगाच कुरकुरणारा नव्हता. जन्म १९२६चा, इंडियानातल्या मिचेल गावचा. मेकॅनिकल इंजिनिअर, कोरियन युद्धात १०० लढाऊ उड्डाणं, नंतर दोनदा अंतराळात.

२७ जानेवारीला लाँचपॅडवर चाचणी होती. रॉकेटमध्ये इंधन नाही, म्हणजे धोका नाही असं धरलेलं. पण केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरला होता! आग लागली, आणि आत उघडणारं दार दाबामुळे हललंच नाही. ग्रिसम, व्हाइट, चॅफी, तिघेही गेले.

ठिणगी नेमकी कुठली, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. संशय होता ग्रिसमच्या सीटखालच्या वायरिंगवर. तिथलं एक छोटं दार उघड-बंद होताना वायरला घासायचं, त्यात इन्सुलेशन गेलं असावं. तपासणीत कुणाला दिसलं नाही.

मग वायरिंगवर संरक्षक कव्हर आली, दार बाहेर उघडणारं झालं, लाँचपॅडवर ऑक्सिजनमध्ये नायट्रोजन मिसळू लागले. माणसं घेऊन पहिलं अपोलो उडालं ते थेट ऑक्टोबर १९६८ मध्ये.