क्लोद बेर्नार आणि यकृताचे काम

मस्कतच्या वादी कबीर भागात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याचे पित्ताशय खड्यांमुळे काढावे लागले. इकडे मॉरिशसमध्ये ताईला एकच घोर लागला: आता पोराला अन्न पचणार कसे? तिची समजूत घालताना मला क्लोद बेर्नार आठवले.

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सँ-झुलियँ गावी झाला. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. मुलगा लियों शहरात औषधाच्या दुकानी उमेदवारीला लागला, पण मन सारे नाटके लिहिण्यात. आपल्या बेटावर करारी मजूर येऊ लागले त्याच १८३४ साली तो नाटकाचे बाड घेऊन पॅरिसला गेला. तिथल्या एका नामांकित समीक्षकाने नाटक वाचून त्याला वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला, हे बरेच झाले.

सशाच्या आतड्यात पित्ताची नळी वर उघडते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. सशाला चरबी खाऊ घातल्यावर आतड्याजवळच्या बारीक रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात. बेर्नार यांना त्या फक्त खालच्या नळीपुढेच पांढऱ्या दिसल्या. म्हणजे एकट्या पित्ताने चरबी पचत नाही. एकटा स्वादुपिंडाचा रसही पुरत नाही, हे पुढे त्यांचे शिष्य दास्त्र यांनी दाखवले. साबणाने ताटाचा तेलकटपणा सुटतो, तसे पित्त तूपतेलाचे बारीक थेंब करते. मग तो रस त्यांचे पचन करतो.

हे पित्त बनते यकृतात, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही साठवणीची पिशवी. ती पित्त दाट करून ठेवते आणि स्निग्ध जेवण आले की आतड्यात सोडते. पिशवी गेली तरी यकृत थांबत नाही, पित्त थेट आतड्यात उतरत राहते. हे ऐकून ताईचा जीव भांड्यात पडला. तरी भजी-पुऱ्या काही दिवस बेतानेच, असे तिने भाच्याला फोनवर बजावले.

साखर फक्त वनस्पतीच बनवतात, असा त्या काळी समज होता. १८५५ साली बेर्नार यांनी एक यकृत पाण्याने धुऊन त्यातली साखर पार काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यात पुन्हा साखर! १८५७ मध्ये त्यांनी यकृतात साठवलेला तो पदार्थ, ग्लायकोजेन, वेगळा काढला. म्हणजे उसाच्या या बेटावर साखरेचा एक कारखाना आपल्या प्रत्येकाच्या बरगड्यांखालीही आहे.

या शोधांची किंमत घरात मोजावी लागली. जिवंत प्राण्यांवरचे प्रयोग पत्नीला सोसवले नाहीत, आणि अखेर दोघे विभक्त झाले. तिला दोष देववत नाही.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी बेर्नार वारले. फ्रान्सने शास्त्रज्ञाला सरकारी इतमामाने निरोप देण्याची ती पहिलीच वेळ. कॉलेज द फ्रान्समधील त्यांच्या जागी त्याच वर्षी नेमले गेले ते डॉक्टर ब्राऊन-सेकार, आपल्या पोर्ट लुईत १८१७ साली जन्मलेले. बो-बासँच्या इस्पितळावर नाव आहे ते त्यांचेच.