विश्लेषण : स्वतः तुरुंगात गेलेला मिशनरी ‘गुन्हेगार’ वसाहतींचा चालक कसा झाला? कोण होते फ्रेडरिक बूथ-टकर?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जातींची हजेरी बंद केली. त्याच काळात ब्रिटिश मुलखात असा शिक्का बसलेल्या लोकांच्या काही वसाहती ख्रिस्ती सेवाभावी संस्था चालवत होत्या. त्यात आघाडीवर होती मुक्ती फौज, म्हणजेच साल्व्हेशन आर्मी. भारतात ही संस्था आणणारे फ्रेडरिक बूथ-टकर यांचा हा प्रवास.

सनदी नोकरी का सोडली?

टकर यांचा जन्म २१ मार्च १८५३ रोजी बिहारमधील मुंगेर येथे झाला. त्यांचे आजोबा ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. टकर स्वतः सनदी अधिकारी म्हणून पंजाबात नोकरीला होते. विल्यम बूथ यांनी लंडनमध्ये गरिबांसाठी उभारलेल्या मुक्ती फौजेने ते भारावले आणि १८८१ मध्ये राजीनामा देऊन तिच्यात दाखल झाले.

मुंबईत काय घडले?

१९ सप्टेंबर १८८२ रोजी ते मोजक्या सहकाऱ्यांसह मुंबईत उतरले. भगवे कपडे, अनवाणी पाय आणि ‘फकीर सिंग’ हे नाव त्यांनी स्वीकारले. गोऱ्या साहेबाने असे राहणे सरकारला रुचले नाही. रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. काल-परवापर्यंत सरकारी खुर्चीत बसणारा अधिकारी कैदी झाला होता.

कैद्यांसाठीचे काम कसे सुरू झाले?

सुटलेल्या कैद्याला तुरुंगाच्या दारातच गाठायचे, निवारा आणि काम द्यायचे, ही पद्धत मुक्ती फौजेने १८८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सुरू केली. पुढे ती अनेक देशांत पोहोचली. टकर यांनी १८८८ मध्ये विल्यम बूथ यांची कन्या एमा हिच्याशी विवाह केला आणि आडनावात ‘बूथ’ जोडले. दोघांनी अमेरिकेतही काम केले. तेथेच १९०३ मध्ये रेल्वे अपघातात एमा यांचा मृत्यू झाला. १९०७ मध्ये बूथ-टकर भारतात परतले.

मग वाद कशाचा?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. व्यक्तीने गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच नव्हता. १९०८ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने गोरखपूर येथील अशी वसाहत मुक्ती फौजेकडे सोपवली. पुढे इतर प्रांतांतही वसाहती झाल्या. विणकाम, रेशीम उद्योग, शेती आणि शाळा यांवर तेथे भर होता.

गुन्हेगारी हा बरा होणारा आजार आहे, अशी मांडणी बूथ-टकर यांनी ‘क्रिमिनोक्युरॉलॉजी’ या पुस्तकात केली. फटक्यांपेक्षा हाताला काम द्या, हा विचार त्या काळी उदार होता. पण ज्यांना ‘बरे’ करायचे, त्यातल्या अनेकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची मुभा कायद्यात होती. कैद्याच्या दारी स्वेच्छेने जाणारी सेवा येथे सरकारी पहाऱ्याचा भाग बनली. १९१३ मध्ये सरकारने बूथ-टकर यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

कोल्हापूरचा मार्ग वेगळा कसा?

शाहू महाराजांनीही फासेपारध्यांना काम आणि निवारा दिला. मात्र रोज चावडीवर हजेरी लावण्याची सक्तीच त्यांनी काढली. बूथ-टकर यांनी माणूस सुधारू पाहिला, पण त्याच्यावरचा शिक्का तसाच राहू दिला. महाराजांनी आधी संशयाचे ओझे उतरवले.

पुढे काय झाले?

बूथ-टकर १९१९ मध्ये भारतातून गेले आणि १७ जुलै १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्ती फौजेचे काम आजही सुरू आहे. नगरचे (आताचे अहिल्यानगर) बूथ हॉस्पिटल तिचेच असून, ते एमा यांची धाकटी बहीण इव्हँजेलिन यांच्या नावाने ओळखले जाते. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हा दिवस भटके-विमुक्त समाज विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला, तरी चोरी झाली की पहिला संशय पारधी वस्तीवर घेण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही.