राँटजेनचा फोटो आणि आपली लेकरं

मैत्रिणींनो, आपल्याकडे ‘फोटो काढायला सांगितलाय’ असं कुणी म्हणालं, की तो स्टुडिओतला की दवाखान्यातला, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळतं. दवाखान्यातला हा फोटो, म्हणजे एक्स-रे, जगात पहिल्यांदा काढणाऱ्या विल्हेम राँटजेनबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचल्या नि परीक्षेनंतर विसरलो. पण त्यानं तेव्हा लिहून ठेवलेली एक साधी गोष्ट आपल्या लेकराबाळांच्या आजही कामाची आहे.

राँटजेनचा जन्म २७ मार्च १८४५चा, जर्मनीतल्या लेनेप गावचा. वडील कापडाच्या धंद्यातले, आई डच. हा एकुलता एक. बालपण हॉलंडमध्ये गेलं. तिथल्या शाळेत एका मुलानं मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. याला चित्रकार माहीत होता, पण त्यानं नाव सांगितलं नाही. शाळेनं त्यालाच काढून टाकलं! शाळेचा दाखला नाही म्हणून विद्यापीठाची दारं बंद. शेवटी १८६५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तंत्रशाळेत प्रवेश मिळाला आणि गाडी रुळावर आली.

झुरिकमध्येच त्याला बर्था भेटली. ती एका खाणावळवाल्याची मुलगी, वयानं सहा वर्षांनी मोठी. १८७२ साली दोघांचं लग्न झालं. मूलबाळ झालं नाही, तेव्हा बर्थाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी आपली म्हणून वाढवली.

८ नोव्हेंबर १८९५. वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत अंधार करून राँटजेन एका काचेच्या नळीतून वीज सोडत होता. नळी काळ्या कागदानं झाकलेली, तरी लांबवरचा एक रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुढचे काही आठवडे त्याला जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. २२ डिसेंबरला त्यानं बर्थाला बोलावून तिचा हात काचेवर ठेवायला सांगितला. सुमारे पंधरा मिनिटं ती हात न हलवता बसली. काचेवर तिची हाडं नि बोटातली अंगठी उमटली. ती घाबरून गेली म्हणतात. का घाबरणार नाही? जिवंतपणी स्वतःचा सांगाडा बघायचा म्हणजे काय!

माझ्या मनात भरलं ते मात्र पुढचं. आपल्या पहिल्याच निबंधात त्यानं या किरणांपुढे काय काय ठेवून पाहिलं ते लिहिलंय. हजार पानांचं पुस्तक, पत्त्यांचे जोड, लाकडाचे ठोकळे, ॲल्युमिनियम, शिसं. वस्तू जितकी जाड आणि घट्ट, तितके किरण पलीकडे कमी पोचतात. दीड मिलिमीटर शिशानं तर ते जवळपास अडवलेच.

आता हाच हिशोब शरीराला लावा. एक्स-रेचे किरण दर तीन-चार सेंटिमीटर मांसल भागातून जाताना साधारण निम्मे होतात. समजा, बाईचं पोट बावीस सेंटिमीटर जाड आहे नि तान्ह्याचं बारा. दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे किरण जवळजवळ तीनदा निम्मे. बाईला जेवढे किरण लागतात, त्याचा आठवा हिस्सा बाळाला पुरतो. मोठ्याला बेतलेलं झबलं आपण बाळाला घालतो का? मग मोठ्यांचं माप मशीनवर तरी का ठेवायचं? उलट अंगानं भरलेल्या बाईला किरण कमी पडले, तर फोटो धूसर येतो आणि पुन्हा काढावा लागतो. म्हणून तंत्रज्ञानं अंगकाठी बघूनच किरणांचा जोर आणि प्रमाण ठरवायचं असतं, नि जेवढा भाग हवा तेवढ्यावरच किरण सोडायचे असतात.

सुरुवातीला हे भान कुणालाच नव्हतं. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली स्वतःच्या हातांवर नळ्या तपासायचा. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. २०११ साली नेदरलँड्समध्ये १८९६चं एक जुनं यंत्र चालवून पाहिलं, तेव्हा हाताच्या फोटोला आजच्या सुमारे पंधराशे पट किरण लागले. आज छातीचा एक फोटो म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतात तेवढेच किरण. सीटी स्कॅनला मात्र कितीतरी जास्त लागतात. २००१ साली अमेरिकेत लक्षात आलं, की मुलांचे सीटी स्कॅनही मोठ्यांच्याच मापानं निघताहेत. मग २००८ पासून तिथल्या डॉक्टरांनी मुलांचं माप वेगळं ठेवा म्हणून मोहीम उघडली. पोरांच्या वाढत्या पेशी नाजूक असतात नि त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य असतं.

आणखी एक. जुन्या फिल्मवर किरण जास्त झाले की फोटो काळा यायचा, चूक दिसायची. आता कॉम्प्युटर चित्र सुधारून दाखवतो, त्यामुळे जास्तीचे किरण डोळ्यांना कळत नाहीत. म्हणून विचारणं आपल्याकडे आलं.

आमच्या आरोग्य शिबिरात मी बायांना सांगते, की गरजेचा एक्स-रे घाबरून टाळू नका. पण पोराचं वय-वजन आधी सांगा, मशीन मुलाच्या मापावर लावलंय का ते विचारा. दिवस गेलेत अशी शंका असेल तरी बोला. पोराला धरून उभं राहायचं असेल, तर शिशाचा एप्रन मागा. गरोदर बाईनं मात्र धरायलाच थांबू नये. जुने फोटो जपून ठेवा, म्हणजे पुन्हा काढायला नकोत.

राँटजेनला १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल मिळालं. ती रक्कम त्यानं विद्यापीठाला दिली. शोधाचं पेटंट घेतलं नाही, हे किरण सगळ्या जगाचे आहेत असं मानलं. १९१९ साली बर्था गेली. महायुद्धानंतरच्या महागाईनं त्याची पुंजी मातीमोल झाली आणि १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगानं त्यानं जग सोडलं.

त्यानं आपल्याला हा किरण फुकट दिला. आपल्या लेकरांच्या वाट्याला तो मापातच यावा, एवढं बघणं आपल्या हातात आहे.