मोटार घेऊन माहेरी निघालेल्या बर्थाबाई

भगिनींनो, मोटार कोणी शोधून काढली असे विचारले, तर शाळेतली मुले कार्ल बेंझ हे नाव चटकन सांगतात. परंतु ती मोटार घेऊन प्रथम लांबच्या प्रवासाला कोण निघाले, वाटेत ती अडली तेव्हा कोणी चालू केली, हे फारसे कोणी सांगत नाही. ती एक गृहिणी होती, आणि दोन मुलांना घेऊन ती माहेरी निघाली होती. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्थाबाई यांचे हे चरित्र म्हणूनच आपल्या स्मरणिकेत शोभेल असे वाटते.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी नैर्ऋत्य जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी झाला. वडील सुतारकाम व बांधकाम करून सधन झालेले गृहस्थ होते. त्यांच्या घरी बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद होत असे. बर्था जन्मली तेव्हा दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाचे काही त्यात लिहिले गेले आणि पुढे ते मुलीच्या वाचनात आले, असे सांगतात. आपल्याकडे मुलींची नावे नकोशी ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. मुलीला लागायचे ते लागलेच असणार, पण ती रडत बसली नाही. मुलींच्या शाळेत तिने चांगले शिक्षण घेतले. त्या काळी तिकडेही विद्यापीठाची दारे मुलींना बंदच होती.

१८६९ च्या जून महिन्यात एका सहलीत तिची कार्ल बेंझ या तरुण इंजिनियराशी ओळख झाली. कार्लचे वडील रेल्वेत इंजिनचालक होते. तो अगदी लहान असतानाच ते वारले आणि आईने कष्टाने त्याला शिकविले. घोड्यावाचून चालणारी गाडी बनवायची, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होते. सधन घरच्या मुलीने असे स्थळ पत्करावे, हे धाडसच म्हटले पाहिजे.

१८७१ साली कार्लने मानहाइम शहरात एका भागीदारासोबत कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडण्याच्या बेताला आला. तेव्हा बर्थाने लग्नात मिळायचे आपले स्त्रीधन लग्नाआधीच मागून घेतले आणि त्या पैशाने भागीदाराचा हिस्सा सोडविला. २० जुलै १८७२ रोजी त्यांचे लग्न झाले. गंमत अशी, की लग्नापूर्वी ती आपल्या पैशाचा असा व्यवहार करू शकली. लग्नानंतर मात्र तिथल्या त्या वेळच्या कायद्याने बायकोला तो हक्क उरत नसे. म्हणून कारखाना जगला तिच्या पैशावर, पण कागदावर नाव राहिले एकट्या नवऱ्याचे.

संसार सोपा नव्हता. मुले होत होती, कर्ज वाढत होते. १८७७ मध्ये देणे थकल्यामुळे कारखान्यावर जप्ती आली. पण कार्लने काम सोडले नाही आणि बर्थाबाईंनी धीर सोडला नाही. १८७९ च्या शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा एकदा यंत्र चालवून पाहू या, असे बर्थाबाईंनीच सुचविले. दोघे कारखान्यात गेली, आणि बरेच दिवस दाद न देणारे ते इंजिन त्या रात्री सुरू झाले. नव्या वर्षाची घंटा त्यांनी इंजिनाच्या आवाजात ऐकली.

पुढे २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले, पण गिऱ्हाईक मिळेना. लोक रस्त्यात थांबून गाडी बघत, हसत आणि निघून जात. ती जवळपासच फिरे, आणि बिघडली की ढकलत घरी आणावी लागे. अशा गाडीत पैसा कोण घालणार? कार्ल स्वभावाने भिडस्त. त्याला वाटे अजून सुधारणा करावी, मग लोकांपुढे न्यावी. बर्थाबाईंनी ओळखले, की हे सुधारणे काही संपायचे नाही. गाडी लांब जाऊन सुखरूप परत येते, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती कोणी विकत घेणार नाही.

१८८८ चा ऑगस्ट महिना. मुलांच्या शाळांना सुट्टी होती. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि चौदाव्या वर्षातला रिखार्ड यांना घेऊन बर्थाबाई पहाटेच उठल्या. त्या तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याला न सांगता तिघांनी मोटार बाहेर काढली, आणि मानहाइमहून सुमारे १०४ किलोमीटरवर असलेल्या फोर्त्सहाइमला, म्हणजे बर्थाबाईंच्या माहेरी, जायला निघाली. गाडी वाटेत कायमची बंद पडली असती, तर आधीच हसणाऱ्या लोकांना आयतेच निमित्त मिळाले असते आणि बाईंच्या स्त्रीधनावर उभा राहिलेला धंदाही गोत्यात आला असता. एवढे डोक्यावर घेऊन त्या निघाल्या.

त्या गाडीची रचना आपल्यालाही समजण्यासारखी आहे. मागे एक आडवे इंजिन आणि त्याचे मोठे चाक. ते चाक हाताने फिरवायचे, म्हणजे इंजिन सुरू होई. तिथून चामड्याचा पट्टा, पुढे दोन साखळ्या, आणि त्या साखळ्यांनी मागची चाके फिरत. इंजिन तापू नये म्हणून पाणी असे, पण ते वाफ होऊन उडून जाई. त्यामुळे वाटेतल्या ओढ्यावर, विहिरीवर, खाणावळीत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे.

इंधन अवघे साडेचार लिटर मावे. ते संपत आले तेव्हा वीसलोख नावाच्या गावात त्या औषधांच्या दुकानी गेल्या. पेट्रोलपंप कुठला असायला! लिग्रोइन नावाचे पेट्रोलसारखे हलके द्रव्य तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला म्हणून औषधवाल्याकडे मिळे. तेच त्यांनी गाडीत भरले. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ते दुकान आज ओळखले जाते.

पुढे इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली. बर्थाबाईंनी आपल्या हॅटला लावलेली लांब पिन काढली आणि नळी साफ केली. ज्यांनी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारून संसार केले, त्या मैत्रिणींना यात काय ते अधिक सांगायला नको. नंतर ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या तारेचे आवरण झिजले. लांब पायमोजे वर राहावेत म्हणून तिकडच्या बायका पायाला पट्टा बांधीत. तो सोडून त्यांनी तारेला गुंडाळला. साखळीचे काम त्यांच्या हातचे नव्हते, तिथे त्यांनी ब्रुखझाल गावच्या लोहाराची मदत घेतली. चढ आला की गाडी दम टाकी, मग मुलगे उतरून ढकलीत.

उतारावर मात्र खरी भीती होती. लाकडी ठोकळे झिजले होते आणि गाडी आवरेना. वाटेत बाउशलोट या खेड्यात त्यांनी जोडे शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला लावलेले हे पहिले अस्तर. आजच्या गाड्यांतले ब्रेक पॅड किंवा ब्रेक लायनर त्याच कल्पनेचे आहेत. झिजायचे ते वरचे अस्तर झिजावे आणि तेवढेच बदलता यावे, ही युक्ती बाईने रस्त्यावर काढली.

संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर त्यांनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या वाटेने सगळी मानहाइमला सुखरूप परतली. येताना बर्थाबाईंनी अडचणींची जंत्रीच आणली होती. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्लने अमलात आणली. त्याच वर्षी म्युनिक येथील प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. हळूहळू मागणी वाढली, आणि शतक संपता संपता बेंझ कारखाना मोटारी बनविण्यात जगात सर्वांत मोठा ठरला.

बर्थाबाईंना पाच अपत्ये झाली. उतारवयात हे दांपत्य लाडेनबुर्ग या लहानशा गावी राहिले. आपल्या आठवणी लिहिताना कार्लने पडत्या काळात खंबीर राहिलेल्या पत्नीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. तो ४ एप्रिल १९२९ रोजी वारला. ३ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, बर्थाबाईंना कार्लस्रूहे येथील तंत्रविद्यापीठाने मानाचे पद दिले. ज्या मुलीला विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती, तिला हा मान मिळाला. पुढे दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, त्यांनी देह ठेवला. २००८ सालापासून त्यांच्या प्रवासाचा मार्ग पाट्या लावून स्मारक म्हणून जपला आहे. हौशी मंडळींनी त्या तीन चाकी गाडीच्या प्रतिकृतीही बनविल्या आहेत.

मैत्रिणींनो, आता आपल्यापैकी कित्येकींच्या दारात स्कूटर किंवा मोटार आहे. आजच्या गाडीत पिन खुपसू नये आणि तारांनाही हात लावू नये, ते कारागिराचे काम. पण बर्थाबाईंसारखे लक्ष ठेवणे आपल्या हातात आहे. चाकांतली हवा दर आठवड्याला पाहावी. इंजिनाचे पाणी गाडी गार असतानाच तपासावे, कारण तापलेले झाकण उघडले तर वाफेने हात भाजतो. ब्रेक दाबताना लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर अस्तर संपले असे समजून त्याच दिवशी गाडी दाखवावी. गाडीखाली जमिनीवर तेलाचा डाग दिसला, तर तो पुसून विसरून जाऊ नये.

घरातल्या पुरुषांनी घ्यायची आणि बायकांनी नुसती मागे बसायची, अशी वस्तू म्हणजे मोटार नव्हे. ती रस्त्यावर चालण्याजोगी झाली, ती एका बाईने तिचे दुखणे ओळखले म्हणून. आपल्या मुलींना गाडी चालवायला शिकवू तेव्हा गाडीचे झाकण उघडून आत काय आहे, तेही दाखवू या.