गळालेला 'टी' आणि हॉवर्ड स्टॉन्टन

गेल्या उन्हाळी सुटीत बुद्धिबळाचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती लागले. पट मांडावा, पुस्तक उघडावे आणि एकेक डाव खेळून पाहावा असा बेत होता. तिसऱ्याच डावात अडलो. पुस्तकाप्रमाणे काळ्याचा राजा एकदम उडी मारून पटाच्या मध्यभागी येत होता! दोन संध्याकाळी मी डाव पुन्हा पुन्हा मांडला. चूक माझीच असणार. इंग्रजी पुस्तक चुकेल ही शंका आपल्या मनाला सहसा शिवत नाही. शेवटी उलगडा झाला. जुन्या लेखनपद्धतीत राजाला 'के' आणि घोड्याला 'केटी' लिहीत. छापताना 'टी' गळाला आणि घोड्याची चाल राजाच्या गळ्यात पडली.

पुढे एका टिपणीत पांढऱ्याने 'एक्सचेंज' जिंकल्याचे म्हटले होते. अदलाबदल करतात, ती जिंकतात कशी? आता मी शहाणा झालो होतो, म्हणून हाही मुद्रणदोषच ठरवून टाकला. पण या वेळी पुस्तक बरोबर होते. आपला घोडा किंवा उंट देऊन समोरच्याचा हत्ती मिळवणे, असा त्या शब्दाचा खेळातला अर्थ. तो मला सापडला हॉवर्ड स्टॉन्टनच्या १८४७ सालच्या 'चेस प्लेअर्स हँडबुक'मध्ये. मग या गृहस्थाचीच माहिती काढावीशी वाटली.

स्टॉन्टनचा जन्म १८१० सालचा मानतात. बालपणाविषयी फारसे कळत नाही. शिक्षण बेताचे, तरुणपणी नाटकांत कामे केली. लंडनमध्ये बुद्धिबळाचा नाद लागला तो पंचविशी उलटल्यावर. तरीही १८४३ च्या अखेरीस पॅरिसला जाऊन त्याने फ्रान्सच्या सेंट आमाँला हरवले. अकरा डाव जिंकले, सहा हरले, चार बरोबरीत. तेव्हापासून काही वर्षे तो जगातला पहिला खेळाडू गणला गेला. आज स्पर्धांत जी सोंगटी वापरतात, तिलाही १८४९ पासून त्याचेच नाव आहे. आराखडा मात्र त्याचा नव्हे. १८५१ साली लंडनची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्यात त्याचा पुढाकार होता. ती जिंकली जर्मनीच्या अँडरसनने आणि स्टॉन्टन चौथा आला. हा पराभव त्याने खिलाडूपणे घेतला असे म्हणवत नाही.

आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना खरा रस वाटावा तो यापुढच्या भागात. १८५६ मध्ये त्याने शेक्सपिअरची नाटके संपादित करण्याचा करार केला. शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये आणि त्याच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह निघाला १६२३ मध्ये. लेखकाने मुद्रिते तपासण्याचा प्रश्नच नव्हता. 'पाचवा हेन्री'त फॉल्स्टाफच्या मृत्यूच्या वर्णनात भलत्याच जागी 'टेबल' येते. तिथे बरळण्याच्या अर्थाचे क्रियापद असावे, असे अठराव्या शतकात थिओबाल्डने सुचवले आणि ते बहुतेकांनी मानले. पण प्रत्येक विचित्र शब्द काही जुळाऱ्याची चूक नसतो. कित्येकदा तो त्या काळचा वाक्प्रचार असतो आणि अज्ञान आपले असते. माझ्या 'केटी' आणि 'एक्सचेंज'सारखेच हे! संपादकाला हा निवाडा पानोपानी करावा लागे. शेक्सपिअरचे हे भाग १८५७ पासून १८६० पर्यंत क्रमाने निघत होते.

नेमका तेव्हाच, १८५८ साली, अमेरिकेचा एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी इंग्लंडला आला. त्याला स्टॉन्टनशी खेळायचे होते. स्टॉन्टनने प्रथम होकार दिला, मग मुदत मागितली आणि शेवटी शेक्सपिअरच्या कामाचे कारण सांगून माघार घेतली. कारण खोटे नव्हते. प्रकाशकाला दिलेला शब्द होता. पण त्याच ऑगस्टमध्ये तो बर्मिंगहॅमच्या स्पर्धेत खेळला, हेही खरे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधले बुद्धिबळाचे सदर त्याच्याच हाती होते. ऑक्टोबरमध्ये त्याने तिथे मॉर्फीचे पत्र छापले, तेही त्यातला अडचणीचा भाग गाळून.

इथे मला त्याचा राग येतो. सामना टाळला म्हणून नव्हे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, कामात बुडालेल्या माणसाने तो टाळला तर मी समजू शकतो. पण दुसऱ्याच्या मजकुरातले एक अक्षर बदलण्याआधी दहा ग्रंथ चाळण्याचा ज्याचा व्यवसाय, त्याने जिवंत माणसाच्या पत्राला कात्री लावावी? जुळाऱ्याच्या हातून 'टी' गळतो तो नजरचुकीने. हे तसे नव्हते. आमचे एक प्राध्यापक म्हणतात, मी फार कडक न्याय करतो. असेल.

त्यानंतरही त्याने लेखणी खाली ठेवली नाही. १८६६ मध्ये त्याने १६२३ च्या संग्रहाची छायाचित्रांवरून तयार केलेली प्रतिकृती काढली, म्हणजे मूळ छपाई जशीच्या तशी वाचकांसमोर आली. १८७२ पासून 'अथेनिअम'मध्ये तो शेक्सपिअरच्या मजकुरातल्या, कोणाच्या ध्यानात न आलेल्या अपभ्रंशांवर लेख लिहीत होता. २२ जून १८७४ रोजी लंडनच्या घरी, लिहिण्याच्या मेजाशी बसलेला असतानाच तो वारला. बुद्धिबळावरचे एक पुस्तकही अपुरे राहिले होते. ते वर्मल्डने हातावेगळे केले आणि १८७६ मध्ये छापून आले. त्याची मुद्रिते अर्थातच स्टॉन्टनला तपासता आली नाहीत.