महर्षी अण्णासाहेब कर्वे : पेन्शनीनंतरची ४८ वर्षे

मनुष्य नोकरीतून निवृत्त होतो, त्या दिवशी त्याच्या गळ्यात हार पडतो, चार भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातील मंडळी त्याला म्हातारा समजू लागतात. तोही हळूहळू स्वतःला तसेच समजू लागतो. ज्यांनी चाळीस वर्षे देह झिजविला, त्यांनी विसावा घ्यावा हे योग्यच आहे. त्यांना कोणी बोल लावू नये. शेतकरी, कारागीर, दुकानावरील मुनीम यांना तर निवृत्ती हा शब्दच ठाऊक नसतो. हात चालतात तोवर त्यांना राबावेच लागते. परंतु ज्यांच्या पोटाची सोय लागली आहे आणि ज्यांच्या अंगात अद्याप बळ आहे, त्यांनी उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक ज्ञातीपुढे आहे. त्याचे उत्तर भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या चरित्राने दिले आहे. ते चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे संक्षेपाने ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. घरची स्थिती बेताची, आणि स्वभाव अत्यंत भिडस्त. चारचौघांत बोलावयाचे म्हटले की त्यांची जीभ अडखळे. सतरा वर्षांचे असताना सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट. तेथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांची लहानखुरी चण पाहून वय कमी ठरविले आणि परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने त्यांस परतावे लागले. मॅट्रिक होण्यास त्यांना तेविसावे वर्ष उजाडले आणि १८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. ज्यांची मुले शिक्षणात मागे पडली आहेत, त्या पालकांनी ही वर्षे ध्यानात ठेवावीत.

मुंबईत काही वर्षे शाळांतून शिकविल्यावर १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्या काळी विधुराने कुमारिकेशी लग्न करणे हा शिरस्ता होता. अण्णासाहेबांनी तो मोडला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई यांच्याशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे होत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण हा अंक एका ज्ञातिसंस्थेचा आहे. या विवाहाबद्दल मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी सभा भरवून अण्णासाहेबांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावी त्यांना आपल्या माणसांत राहण्याची, त्यांच्या पंक्तीस बसण्याची बंदी झाली. आज ज्या पुरुषाचे नाव कोणतीही ज्ञाती अभिमानाने घेईल, त्याला त्याच्या ज्ञातीने एके काळी दाराबाहेर उभे केले होते. अण्णासाहेबांनी मात्र उलट राग धरला नाही. गावाच्या हितासाठी त्यांनी आधीच चालू केलेला मुरूड फंड त्यांनी सोडला नाही. ज्ञातिसंस्था चालविणाऱ्या आम्हां सर्वांना या प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो शहरापासून चार मैलांवर, हिंगणे येथील माळावर नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली आणि १९०० मध्ये तेथे एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातील तास संपल्यावर अण्णासाहेब चिखल तुडवीत हिंगण्यास जात आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास येत. बायांनी व त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी या कार्यास वाहून घेतले. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. आज तो माळ पुणे शहरात सामावून गेला असून कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.

१९१४ मध्ये अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. वय ५६. तेवीस वर्षांची नोकरी झाली होती, हिंगण्याची संस्था उभी राहिली होती, मुले मोठी झाली होती. तेथेच त्यांनी हात टेकले असते तरी त्यांचे चरित्र लिहिले गेलेच असते. परंतु त्यांच्या पुढे अजून ४८ वर्षे होती, म्हणजे कॉलेजातील नोकरीच्या दुपटीहून अधिक.

झाले असे की जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांच्याकडे पाठविली होती. ती प्रथम तशीच बाजूला पडली. पुढे १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती लागली. स्त्रियांना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ आपल्या देशातही असावे, हा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला आणि दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते विद्यापीठ स्थापन झाले. कॉलेजात प्रारंभी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सरकारी मान्यता नव्हती, पैसा नव्हता. कुलपतिपदी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व उपकुलपतिपदी रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे बसले. संस्थापकाने मात्र वर्गणीची झोळी आपल्या खांद्यावर घेतली. ज्या मनुष्याची चारचौघांत जीभ अडखळे, तो प्रांतोप्रांती अनोळखी दारांत उभा राहून मागू लागला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई यांचे नाव मिळाले.

तरीही झोळी खाली ठेवण्याची वेळ आली नाही. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, अण्णासाहेब परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून, शिक्षणपरिषदांतून आपल्या विद्यापीठाची माहिती देऊन ते परतले. मग १९३० च्या अखेरीस पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे गेले आणि तेथे व्यापारउदीमासाठी स्थायिक झालेल्या भारतीयांकडून सव्वा वर्ष वर्गणी गोळा करीत फिरले. ज्या वयात आपल्याकडे काशीयात्रा करावी म्हणतात, त्या वयात त्यांनी ही यात्रा केली.

विद्यापीठ स्थिरावले, तेव्हा ते त्यांनी इतरांच्या हाती सोपविले आणि पुन्हा नव्याने आरंभ केला. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. त्याकरिता ते पुण्यात दारोदार फिरून लहान लहान रकमा गोळा करीत. पंधरा लक्षांचा दाता पाहिलेल्या पुरुषाला आण्यांची वर्गणी मागण्यात कमीपणा वाटला नाही. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेद मोडून माणसामाणसांत समता यावी म्हणून त्यांनी समता संघ काढला. ज्ञातीच्या बहिष्काराचे दुःख भोगलेल्या वृद्धाने आपले अखेरचे मोठे कार्य म्हणून हेच निवडावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

१९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ मध्ये संततिनियमनाचे प्रचारक असलेले ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव गेले. दीर्घायुष्य हे केवळ सुखाचे नसते. आपल्या माणसांना पोहोचविण्याचे ओझेही त्यात असते. ते अण्णासाहेबांनी सोसले. १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी झाली त्या वर्षी, राष्ट्राने त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, त्यांनी पुण्यास देह ठेवला.

या चरित्रात आम्हांस जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, ती केवळ ते म्हातारपणी काम करीत राहिले ही नव्हे. म्हातारपणी काम करणारे पुष्कळ असतात. कोणी पोटासाठी करतात, ते आदरास पात्र आहेत. कोणी खुर्ची सुटत नाही म्हणून करतात. संस्थेच्या अध्यक्षपदावर वर्षानुवर्षे बसून, तरुणांस वाव न देता, आपल्यावाचून संस्था बुडेल असे सांगत राहणे, यासही काही मंडळी कार्य म्हणतात. अण्णासाहेबांची रीत उलट होती. जे उभे राहिले ते दुसऱ्याच्या स्वाधीन करावे आणि जेथे अजून काहीच नाही तेथे स्वतः पायी जावे, हा त्यांचा नेम. यामुळे त्यांचे वार्धक्य कोणाच्या वाटेत आडवे आले नाही. उलट त्याने प्रत्येक वेळी नवी वाट पाडली.

आपल्या ज्ञातीत आज पेन्शनर मंडळींची संख्या थोडी नाही. कोणी शिक्षक होते, कोणी कचेरीत होते, कोणी रेल्वेत होते. सर्वांनी विद्यापीठे काढावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाडीतील एखाद्या मुलीची गणिताची वही रोज तासभर पाहणे, वसतिगृहासाठी महिन्यातून एक दिवस वर्गणीस निघणे, विधवा भगिनीस सरकारी कागद लिहून देणे, इतके तर आम्हां प्रत्येकास शक्य आहे. तसेच संस्थेतील जागा वेळीच तरुणांस देणे, हेही कार्यच होय.

परमेश्वराने ज्यांना आयुष्य दिले आहे, त्यांना ते लोकांच्या उपयोगी लावण्याची बुद्धीही द्यावी, एवढी प्रार्थना करून आम्ही हा अल्प चरित्रलेख पुरा करतो.